पोहता न येणाऱ्या व्यक्तीने पहिले स्कूबा डायव्हिंग कसे करावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सांगलीत राहते, वय ४७, माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. नाताळच्या सुट्टीत मी, यजमान, सोळा वर्षांची मुलगी आणि धाकट्या जाऊबाई असे चौघे जण चार दिवसांसाठी मालवणला जाणार आहोत. मुलीने गेल्या वर्षीपासून स्कूबा डायव्हिंगचा ध्यास घेतला आहे, जाऊबाईही तयार आहेत, आणि "तुम्ही नुसत्या होडीत बसून राहणार का?" असे दोघींनी इतक्यांदा विचारले की आता मलाही मनापासून पाण्यात उतरावेसे वाटू लागले आहे. प्रवाळ, भरती-ओहोटी, सागरतळ हे सारे मी पंचवीस वर्षे फळ्यावर काढत आले. त्यातले काही एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे, ही इच्छा जुनीच आहे.

अडचणी मात्र बऱ्याच आहेत. मला पोहता येत नाही. लहानपणी कृष्णेच्या घाटावर शेवाळावरून पाय घसरून नाकातोंडात पाणी गेले होते. तेव्हापासून चेहऱ्यावर पाण्याचा हबका आला तरी माझा श्वास अडकतो. चष्म्याचा नंबर उणे साडेतीन आहे. दहा-अकरा वर्षांची असताना दमा होता, पुढे तो गेला. परंतु दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात खोकला लांबला तेव्हा आमच्या डॉक्टरांनी पंधरा दिवस पंप ओढायला दिला होता.

एका ठिकाणी दूरध्वनी करून विचारले असता, "पोहता येण्याची गरज नाही, दहा मिनिटांत शिकवतो, आम्ही धरूनच नेतो," एवढेच उत्तर मिळाले. प्रकृतीविषयी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटली. मी हे करावे का, करायचे असल्यास आधी कोणती तयारी करावी, आणि ज्यांच्याबरोबर पाण्यात उतरायचे त्यांची पारख कशी करावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. आमचा बेत शेवटच्या दिवशी सकाळी डायव्हिंग करून दुपारी निघायचे आणि आंबोलीला मुक्काम करायचा असा आहे. त्यात काही बदल करावा लागणार असेल तर तेही कळवावे.


खोलपाणी

ताई, आपल्याला ज्या गोष्टीची भीती वाटली ती अगदी योग्य जागी वाटली आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मी पुण्याचा. सहा वर्षांपूर्वी अंदमानातील हॅवलॉक, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, ओपन वॉटर डायव्हरचा, म्हणजे डायव्हिंगच्या पहिल्या प्रमाणपत्राचा, अभ्यासक्रम पूर्ण केला आणि त्यानंतर जमेल तसे दरवर्षी डायव्हिंग करतो. मात्र माझे पहिले डायव्हिंग त्याच्या दोन वर्षे आधीचे आहे आणि ते अतिशय वाईट झाले होते. कोणत्या किनाऱ्यावर, कोणाबरोबर, हे सांगत नाही. सर्दी झालेली असताना मी होडीत बसलो. एक कागद पुढे आला, त्यावर न वाचता सही केली. शिकवणे म्हणजे रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडात आणून देणारे नळीचे उपकरण) तोंडात धरा, नाकाने श्वास घेऊ नका, बस्स. पाण्यात उतरल्यावर तीन-चार मीटरवरच उजव्या कानात कोणी सुई खुपसावी तशी कळ आली. मी अंगठा वर करून "वर चला" असे सांगू लागलो, तर मला खाली नेणाऱ्या गृहस्थांना ते "सारे उत्तम आहे" असे वाटले आणि त्यांनी मला आणखी खाली नेले. वर आलो तेव्हा मास्कमध्ये नाकातून आलेले रक्त होते आणि त्या कानाने पुढे तीन आठवडे नीट ऐकू येत नव्हते. मासे किती पाहिले असे लोक विचारत. मला एकही आठवत नव्हता.

म्हणून माझे सांगणे एकच आहे: पहिल्या वेळी किती खोल जायचे याचा विचार न करता उतरण्यापूर्वी किती वेळ शिकायला मिळणार आहे, याचा विचार करावा. लोकांना वाटते की पाच-सहा मीटर म्हणजे उथळच, त्यात काय बिघडणार? प्रत्यक्षात दाबाचा सर्वांत मोठा फेरबदल पहिल्या दहा मीटरांतच होतो. पृष्ठभागावर आपल्यावर हवेचा जो दाब असतो तो दहा मीटरवर दुप्पट होतो, त्यामुळे फुग्यातली हवा निम्म्या जागेत मावते. पुढे पुन्हा दुप्पट व्हायला तीस मीटरपर्यंत जावे लागते. आपल्या कानात, नाकाच्या आजूबाजूच्या पोकळ्यांत आणि फुफ्फुसांत जी हवा आहे तिला हाच नियम लागू पडतो. कानाचा त्रास नवशिक्याला अगदी उथळ पाण्यात होतो, त्याचे कारण हेच.

यातूनच डायव्हिंगचा पहिला नियम निघतो: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. सिलिंडरमधून घेतलेला श्वास भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्या दाबाचा असतो. तो छातीत भरून, तोंड मिटून वर आलात तर ती हवा फुगत जाते आणि फुफ्फुसाला इजा करू शकते, तीही दीड मीटर इतक्या थोड्या अंतरात. घाबरलेला माणूस नेमके हेच करतो: श्वास धरतो आणि वर झेपावतो. आपला श्वास पाण्याच्या हबक्याने अडकतो असे आपण लिहिले आहे, म्हणून हा भाग मला पोहण्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

पोहता न येणे ही अनुभवापुरत्या डायव्हिंगला आड येणारी गोष्ट नाही. सोबतच्या प्रशिक्षकाने मागून सिलिंडर धरलेला असतो आणि तोच आपले तरंगणे सांभाळतो. प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमाला मात्र पोहणे लागते. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या ओपन वॉटर अभ्यासक्रमात २०० मीटर न थांबता पोहावे लागते आणि १० मिनिटे कशाचाही आधार न घेता तरंगून दाखवावे लागते. तो अभ्यासक्रम तीन-चार दिवसांचा असतो आणि त्यानंतर १८ मीटरपर्यंत जाण्याची मुभा मिळते. त्याच संस्थेच्या, नवख्यांसाठीच्या एका दिवसाच्या प्रकारात खोलीची कमाल मर्यादा १२ मीटर आणि वयाची किमान अट १० वर्षे आहे, म्हणजे आपल्या मुलीच्या वयाचा प्रश्न उरत नाही.

आता शिकण्याविषयी. समुद्रात जाण्याआधी पोहण्याच्या तलावात किंवा कमरेइतक्या स्थिर पाण्यात किमान तास-दीड तास सराव मिळेल अशीच जागा शोधा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे आणि तिथे सरावासाठी स्वतंत्र तलाव आहे; आपल्यासारख्यांनी पहिली चौकशी तिथे करावी असे मला वाटते. सरावात चार गोष्टी हाताखालून गेल्या पाहिजेत. मास्कमध्ये पाणी शिरले तर मास्कची वरची कड कपाळाशी दाबून नाकाने जोरात श्वास सोडायचा, पाणी खालून निघून जाते. रेग्युलेटर तोंडातून निसटला तर तोंडाने बारीक बुडबुडे सोडत राहायचे, म्हणजे श्वास रोखला जात नाही, आणि रेग्युलेटर परत तोंडात घेऊन त्यात एक जोराचा उच्छ्वास टाकायचा. कान मोकळे करायला शिकायचे. आणि खुणा पाठ करायच्या. अंगठा वर याचा पाण्याखाली एकच अर्थ आहे, "वर चला". "ठीक आहे" असे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. काही बिनसले असेल तर पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवायचा आणि मग ज्या जागी त्रास आहे तिथे बोट दाखवायचे. छायाचित्रासाठी सवयीने अंगठा वर करणारी मंडळी मी अनेकदा मध्येच वर आणलेली पाहिली आहेत. माझ्या बाबतीत उलटे झाले, ते तर अधिक वाईट.

हवा संपेल ही भीती पहिल्यांदा जवळपास सर्वांनाच असते, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. नेहमीच्या ॲल्युमिनियमच्या सिलिंडरमध्ये सुमारे ११ लिटर जागेत २०० बार दाबाने (नेहमीच्या हवेच्या दाबाच्या सुमारे दोनशेपट) हवा भरलेली असते, म्हणजे मोकळी केली तर अंदाजे २,२०० लिटर. ही साधी, गाळून कोरडी केलेली हवाच असते, शुद्ध ऑक्सिजन नव्हे. शांत माणूस मिनिटाला २० लिटर धरला तर पाच मीटरवर दीडपट, म्हणजे ३० लिटर वापरतो. राखीव म्हणून पाव भाग बाजूला ठेवला तरी पन्नास मिनिटे पुरते. आपण पाण्यात असणार पंधरा-वीस मिनिटे. घाबरून भराभर श्वास घेतला तर हाच वापर दुपटीवर जातो, तरीही वेळ उरतो. प्रशिक्षकाकडे जादा रेग्युलेटर असतो तो निराळाच.

एक गोष्ट मात्र शब्दांत सांगता येत नाही. चेहरा पाण्यात घालून पहिला श्वास आत येतो, रेग्युलेटरमधून खर्र असा आवाज होतो, मग बुडबुडे कानाजवळून गडगडत वर जातात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या श्वासाला शरीराला पटते की इथेही श्वास घेता येतो. तो क्षण तलावात, पाय टेकलेले असताना आला तर फार चांगले.


कर्णवैद्य

मी कोल्हापुरात कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. सुट्ट्या संपल्या की कान दुखतो, कान बंद झाला, कानात आवाज येतो अशा तक्रारी घेऊन कोकणातून परतलेले रुग्ण दरवर्षी येतात, म्हणून या धाग्यावर लिहिणे मला आवश्यक वाटले.

प्रथम दम्याविषयी, कारण ताईंच्या प्रश्नातील ती सर्वांत गंभीर बाब आहे. लहानपणी दमा होता एवढ्यावरून कोणालाही कायमचे बाद ठरवले जात नाही; परंतु दोन वर्षांपूर्वी पंप लागला होता, हे सांगितलेच पाहिजे. श्वासनलिका आकुंचन पावल्या असतील तर फुफ्फुसाच्या एखाद्या भागात हवा अडकून राहू शकते, आणि खोलपाणी यांनी म्हटल्याप्रमाणे ती हवा वर येताना फुगते. अशा वेळी रुग्णाने श्वास रोखलेला नसला तरी इजा होऊ शकते. शिवाय सिलिंडरमधली हवा थंड आणि कोरडी असते, आणि काही दम्याच्या रुग्णांना अशा हवेनेच त्रास सुरू होतो. आपण निघण्यापूर्वी छातीच्या डॉक्टरांना भेटा, पंपाची हकिगत सांगा, स्पायरोमेट्री (फुंकून करायची फुफ्फुसांची चाचणी) करून घ्या, आणि त्यांनी लेखी परवानगी दिली तरच उतरा. त्यांनी नको म्हटले तर मुलीचा हट्ट कितीही गोड असला तरी नाहीच. डायव्हिंगआधी भरायच्या प्रकृतीच्या अर्जावर "नाही" या रकान्यात खूण करून प्रश्न सुटत नाही; त्या अर्जाची गरज आयोजकापेक्षा आपल्याला अधिक आहे. वय ४५ च्या पुढे असल्याने रक्तदाब आणि साखरही त्याच भेटीत तपासून घ्या. जाऊबाईंना सांगा की गरोदरपणाची शक्यता असेल तर डायव्हिंग करू नये. फिट येण्याचा आजार, हृदयविकार, कानाची झालेली शस्त्रक्रिया, पडद्याला छिद्र यांपैकी काही असेल तर त्यांनीही आधी डॉक्टरांनाच भेटावे.

आता कान. कानाच्या पडद्यामागची पोकळी कंठकर्ण नलिकेने घशाशी जोडलेली असते. खाली जाताना बाहेरचा दाब वाढतो, पडदा आत ढकलला जातो, आणि त्या नळीतून आपण आत थोडी हवा पोहोचवली की तो पूर्ववत होतो. विमान उतरताना आवंढा गिळल्यावर कान उघडतात, तीच ही क्रिया. पद्धत अशी की मास्कवरूनच नाक चिमटीत धरायचे, तोंड बंद, आणि नाक शिंकरल्यासारखा हलका दाब द्यायचा. कानात "टक्" असा बारीक आवाज येतो. काहींना नाक दाबून आवंढा गिळल्याने अधिक सहज जमते. दोन्ही प्रकार आजपासून आरशासमोर, सकाळ-संध्याकाळ पाच-सहा वेळा हळुवार करून पाहा. यात जोर अजिबात लावायचा नाही.

सर्व चुका वेळेच्या असतात. लोक दुखू लागल्यावर नाक दाबतात, आणि तोवर उशीर झालेला असतो, कारण दाबाचा फरक एका मर्यादेपलीकडे गेला की ती मऊ नळी चिकटून बसते आणि कितीही फुंकले तरी उघडत नाही. म्हणून डोके पाण्याखाली गेले की लगेच पहिल्यांदा, आणि मग दर अर्ध्या-पाऊण मीटरला, दुखण्याच्या आधी कान मोकळे करायचे. एका कानात दडा बसला तर तिथेच थांबायचे, प्रशिक्षकाला कान दाखवायचा, अर्धा-एक मीटर वर यायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. दोन-तीन प्रयत्नांत नाहीच जमले तर त्या दिवशीचे डायव्हिंग तिथेच संपवायचे. पाय खाली आणि डोके वर ठेवून, दोरीला धरून उतरले तर कान उघडणे सोपे जाते. डोके खाली करून उतरणे नवशिक्यांनी टाळावे.

सर्दी असताना उतरू नये, आणि नाक मोकळे करणारे औषध घेऊनही उतरू नये. औषधाचा परिणाम पाण्याखाली असतानाच ओसरला तर आत गेलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही, आणि खाली जाताना होते त्याच्या उलट दिशेने वेदना होतात. कानात कापूस किंवा बोळा घालणे तर अगदीच चूक आहे. बोळा आणि पडदा यांच्यामध्ये हवा अडकते, तिला समतोल साधण्याची वाटच उरत नाही. पडदा फाटला आणि थंड पाणी आत गेले तर क्षणात गरगरते, आणि पाण्याखाली गरगरणे म्हणजे वर-खालीचे भान जाणे.

परतीच्या बेताविषयी. पाण्याखाली असताना शरीरात नेहमीपेक्षा अधिक नायट्रोजन विरघळतो आणि तो सावकाश बाहेर पडावा लागतो. लगेच उंचीवर गेल्यास हवेचा दाब कमी होतो आणि त्या नायट्रोजनचे बुडबुडे होण्याची शक्यता वाढते. विमानप्रवासासाठी एका डायव्हिंगनंतर किमान १२ तास आणि अनेक डायव्हिंगनंतर किमान १८ तास थांबावे, हा सर्वमान्य दंडक आहे. सुमारे ६०० मीटरच्या वर जाणाऱ्या घाटरस्त्यांनाही तोच लावावा, आणि आंबोलीची उंची ६९० मीटरच्या आसपास आहे. पाच-सहा मीटरवर पंधरा मिनिटे राहिल्याने हा धोका फार थोडा असतो हे खरे. तरीही चार दिवस हाताशी असताना डायव्हिंग शेवटच्या दिवशी ठेवण्याचे काहीच कारण नाही. दुसऱ्या दिवशी ठेवा. पहिला दिवस प्रवासाचा शीण जायला आणि तलावातील सरावाला मिळेल, आणि समुद्र खवळलेला असला तर तिसरा दिवस हातचा राहील.


दांडीकिनारा

मी मालवणचाच. बारा वर्षे डायव्हिंगच्या होडीवर काम केले, पैकी शेवटची सात वर्षे प्रशिक्षक म्हणून. वरील दोघांचे म्हणणे वाचले. आमच्या बाजूने दिसणाऱ्या काही गोष्टी सांगतो.

ताई भूगोल शिकवतात, तेव्हा त्यांना हे चटकन कळेल. इथे पाणी दिसते किती, हे तिथी आणि वाऱ्यावर असते. पावसाळ्यात सारे बंद असते. पाऊस गेल्यावरही काही आठवडे नद्या-खाड्यांचा गाळ पाण्यात असतो, आणि साधारण नोव्हेंबरपासून पाणी निवळू लागते. त्यातही अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला भरती-ओहोटीचा ओढ मोठा असतो, तळाची वाळू उठते आणि दोन हातांवरचे दिसेनासे होते. अष्टमीच्या आगेमागे भांगाची, म्हणजे कमी चढउताराची, भरती असते, तेव्हा पाणी शांत आणि स्वच्छ मिळण्याची आशा अधिक. दिवसातली वेळ म्हणाल तर सकाळची पहिली होडी धरा. मतलई वारे पडलेले असतात आणि खारे वारे अजून सुरू व्हायचे असतात, त्या मधल्या वेळात समुद्र तेलासारखा असतो. दुपारी अकरा-बारानंतर लाट उठते, होडी डोलू लागते, आणि पाण्यात जाण्याआधीच माणसाला उलट्या होतात. सकाळी पोट अगदी रिकामे ठेवू नका आणि तुडुंब भरूही नका. दोन इडल्या किंवा थोडे घावणे पुरे. माशांचे जेवण परत आल्यावर जेवा.

नाताळचा शेवटचा आठवडा हा आमच्याकडे सर्वांत गर्दीचा. त्या दिवसांत एकेका होडीवर माणसे रांगेत असतात, आणि कितीही चांगला प्रशिक्षक असला तरी दहाव्या पाहुण्याला तो पहिल्याइतका वेळ देऊ शकत नाही. मी स्वतः थकून पाण्यात उतरलो आहे, म्हणून हे जबाबदारीने लिहितो. सुट्टी पुढे-मागे करता आली तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यानंतरचा एखादा मंगळवार-बुधवार पाहा. ते शक्य नसेल तर आधी बोलून सकाळची वेळ ठरवून घ्या.

पारख कशी करावी, असे आपण विचारले आहे. दूरध्वनीवर दर विचारण्याआधी हे विचारा की एका प्रशिक्षकाबरोबर पाण्यात किती जण असतात. आपल्यासाठी उत्तर "एक" असेच हवे. मला खाली नेणाऱ्या माणसाचे प्रशिक्षकाचे ओळखपत्र पाहायला मिळेल का, होडीवर प्रथमोपचारासाठी ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का, आणि पाण्यात उतरल्यावर मला नको वाटले तर परत होडीत घ्याल का, हेही विचारा. या शेवटच्या प्रश्नाला कोणी "तसे होत नाही हो, सगळे जातात" असे म्हणाले तर दुसरीकडे जा. ज्याला नवशिक्याची भीती कळते तो माणूस "अवश्य, तुम्ही म्हणाल तेव्हा वर येऊ" असेच म्हणतो. पाण्यात गेल्यावर प्रशिक्षकाने आधी होडीच्या शिडीपाशी, दोरी धरून, डोके पाण्याखाली घालून पाच-सात मिनिटे नुसता श्वास घ्यायला लावले पाहिजे. आमच्यातला जुना माणूस पाहुण्याचे बुडबुडे पाहतो. ते लयीत, थांबून-थांबून येऊ लागले की मन स्थिरावले असे समजावे आणि मगच खाली न्यावे. बुडबुडे अखंड, भराभर येत असतील तर माणूस हाताने "ठीक" म्हणत असला तरी तो ठीक नसतो.

इथले बहुतेक डायव्हिंग सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांत होते. शिवरायांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर ज्याचे बांधकाम सुरू केले, तोच हा किल्ला, आणि भोवतालचे पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. प्रवाळ दगडासारखे दिसले तरी ती जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. बोटभर वाढायला त्यांना वर्षे लागतात आणि एका लाथेने ती मोडतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार त्यांना संरक्षण आहे. त्यावर उभे राहू नका, हात लावू नका, छायाचित्रासाठी कोणी धरायला सांगितले तर स्पष्ट नकार द्या. मासे जवळ यावेत म्हणून पाव-बिस्किटे टाकण्याची पद्धत पडली आहे, आणि ती पाहून मला फार वाईट वाटते. आपण न मागताही ती टाकली जाण्याची शक्यता आहे, म्हणून होडीतच सांगा की आमच्यासाठी खाणे टाकू नका. मासे तसेही येतात. पाच मिनिटे हातपाय न हलवता थांबलात तर पट्टेवाल्या लहान माशांचा थवा मास्कसमोर येऊन आपल्यालाच पाहू लागतो. खडकाच्या कपारीत गोबरा मासा तोंड बाहेर काढून बसलेला असतो. नीट पाहिले तरच दिसतो.


कृष्णाकाठ

आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभार. आज छातीच्या डॉक्टरांची वेळ घेतली. यजमानांशी बोलून बेतही बदलला: जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, अष्टमी पाहून, मंगळवारी तलावातील सराव आणि बुधवारी सकाळी समुद्र. आंबोलीचा मुक्काम शनिवारी. डॉक्टरांनी नकार दिला तर मी होडीत बसेन आणि मुलगी व जाऊबाई उतरतील, हेही घरात ठरले आहे. मुलीला दुपारीच कान उघडण्याची रीत दाखवली, तिला पहिल्या झटक्यात जमली. मला मात्र नाक दाबून फुंकल्यावर डावाच कान उघडतो, उजवा नाही.

दोन गोष्टी राहिल्या. चष्म्याचे काय करावे, कारण मास्कमध्ये तो बसणार नाही असे वाटते. आणि चेहऱ्यावर पाणी आले की श्वास अडकतो, त्यासाठी सांगलीत राहून, घरच्या घरी काही करता येईल का?


कर्णवैद्य

उजव्या कानासाठी नाक दाबून आवंढा गिळण्याचा प्रकार करून पाहा, मान किंचित डावीकडे झुकवून, म्हणजे उजवा कान वर येईल. आठवड्याभरात उघडला नाही तर कान तपासून घ्या. आत मळ घट्ट बसलेला असला तरी पाण्याखाली त्रास होतो. तो घरी काडीने काढू नये.


खोलपाणी

चष्म्याच्या काड्या मास्कची कड सैल करतात आणि पाणी आत येते, म्हणून चष्मा चालत नाही. नंबरच्या काचा बसवलेला मास्क मिळतो. तो कोणाकडे आहे का हे आधी विचारून ठेवा, उणे तीन किंवा साडेतीनची जोडी असते बऱ्याच ठिकाणी. नसल्यास एकदाच वापरून टाकायच्या मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घालता येतात. मास्कमध्ये पाणी शिरले तर डोळे मिटून ते काढायचे, आणि वर आल्यावर त्या लेन्स टाकून द्यायच्या. पाण्याखाली वस्तू आहेत त्यापेक्षा सुमारे एकतृतीयांश मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे नंबर थोडा कमी मिळाला तरी काम भागते. मास्क घालताना एकही केस कडेखाली राहू देऊ नका. काचेच्या आतल्या बाजूला थुंकी चोळून पाण्याने विसळली की धुके धरत नाही. हे ऐकायला कसेसे वाटते, पण सगळेच करतात.

श्वासासाठी घरी करण्याजोगे आहे. एक साधा मास्क आणि स्नॉर्केल (तोंडात धरून श्वास घ्यायची वाकडी नळी) विकत घ्या. पहिले तीन-चार दिवस मास्क न लावता, फक्त स्नॉर्केल तोंडात धरून घरात बसा आणि नाक मोकळे असूनही तोंडानेच श्वास घ्या. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर. नंतर रुंद घमेल्यात कोमट पाणी घेऊन, तसेच बसून, चेहरा त्यात घाला. मास्क नाही, नाकाला पाणी लागते आहे, आणि तरी तोंडाने श्वास चालू आहे, हे शरीराला कळू द्या. पहिल्या दिवशी तीन श्वास झाले तरी थांबा. मुलीला शेजारी बसवून खांद्यावर हात ठेवायला सांगा. माझ्या पत्नीची अडचण अगदी आपल्यासारखीच होती. तिला तीन श्वासांवरून तीस श्वासांवर यायला अकरा दिवस लागले. त्यानंतर मास्क लावा, त्यात मुद्दाम थोडे पाणी भरून घ्या आणि नाकाने श्वास सोडून ते बाहेर काढा. दिवसातून दहा मिनिटे पुरेत. जानेवारीपर्यंत आपल्याकडे भरपूर दिवस आहेत. डॉक्टरांचा होकार आला की दुसऱ्याच दिवशी सुरुवात करा.